काढणीनंतरचे पंधरा दिवस: लहान शेतातला माल टिकवायचा कसा

पीक उत्तम येतं. दोन-तीन महिन्यांनी मात्र साठवलेला कांदा मानेशी मऊ पडतो, बटाट्यांना कोंब फुटतात, कडधान्याच्या डब्याच्या तळाशी पीठ साचतं. दोष साठवणीच्या जागेला दिला जातो. जागा चुकीची असू शकते, पण यातलं बहुतेक नुकसान काढणीच्या आणि त्यापुढच्या पंधरवड्यातच ठरून गेलेलं असतं. ते दिसायला तेवढा वेळ लागतो.

लहान शेतावर एक अडचण हमखास असते. पाच-सहा प्रकारचा माल थोड्याथोड्या दिवसांनी हाताशी येतो, आणि तो पसरायला छपराखालची जागा एकच असते. मग सगळं तिथेच एकसारखं पसरून 'सुकवलं' जातं. कांद्याला हवी असते कोरडी, वाहती हवा. बटाट्याला अंधार आणि दमट गारवा लागतो. रताळ्याला ऊब आणि दमटपणा, भोपळ्याला ऊब आणि कोरडेपणा, धान्याला ऊन. या पाचांना एकच वागणूक दिली की त्यातला एखादाच टिकतो. म्हणून माल येण्याआधीच कुठला कुठे जाणार हे ठरवलेलं असावं.

काढणीच्या आधीची तयारी

जागेचा हिशेब आधी करा. कांदा १५ ते २० सें.मी. जाडीच्या थरात पसरला तर १०० किलोंना साधारण १ चौरस मीटर लागतो. धान्य ३ ते ४ सें.मी. थरातच वाळवायचं असतं, त्यामुळे १०० किलो गव्हाला जवळपास ४ चौरस मीटर अंथरूण हवं. हा हिशेब न केल्यामुळेच थर जाड होतात, आणि जाड थराच्या पोटात ओल कोंडते.

पाणी कधी तोडायचं हे दुसरं. कांद्याचं पाणी काढणीच्या १० ते १५ दिवस आधी बंद करा. लसणाचंही तसंच. बटाट्याला पाला कापण्याच्या सुमारास पाणी थांबवायचं, मात्र जमीन इतकी कडक होऊ द्यायची नाही की ढेकळांवर आपटून साल सोलली जाईल. शेवटचं नत्र उशिरा दिलेला कांदा दिसायला मोठा होतो, पण त्याची मान जाड राहते आणि जाड मान कधीच नीट मिटत नाही. गड्डा फुगायला लागल्यावर नत्र देणं म्हणजे साठवणीचा कांदा हातचा घालवणं. तसा कांदा झालाच असेल तर तो वेगळा काढून आधी वापरावा.

अवजारांत दोनच गोष्टी महत्त्वाच्या: विळा-कात्रीला धार, आणि क्रेट किंवा टोपल्यांना आतून गोणपाट. काढलेला माल फेकू नये, हे प्रत्येकाला माहीत असतं आणि घाईत प्रत्येक जण फेकतो. गुडघ्याएवढ्या उंचीवरून पडलेल्या कांद्यावर वरून काहीच दिसत नाही. आत दबलेला भाग पुढे पाणावतो आणि शेजारच्या चार कांद्यांना घेऊन जातो.

कांदा

काढायची वेळ पात सांगते. निम्म्या किंवा त्याहून जास्त रोपांच्या माना आपोआप पडल्या की काढणीला सुरुवात करा. सगळ्याच माना पडून पात पूर्ण वाळेपर्यंत थांबलं तर वरची सालं फुटतात आणि ओली जमीन लागली तर नव्या मुळ्या धरतात. पायाने माना मोडून पीक 'पिकवण्याचा' प्रकार टाळा. मोडलेल्या हिरव्या मानेतूनच बुरशी आत शिरते.

पुढच्या पायऱ्या अशा:

१. कोरडी हवा असलेला दिवस निवडून कांदा मुळांसह उपटा. जमीन घट्ट असेल तर खुरप्याने खालून सैल करा, पात ओढून तोडू नका.

२. वाफ्यातच ओळीने असा पसरा की एका ओळीच्या पातीने आधीच्या ओळीचे कांदे झाकले जातील. उन्हाचा थेट चटका लागलेला कांदा एका बाजूने पांढुरका, मऊ होतो आणि तिथूनच सडतो. तीन ते पाच दिवस असा ठेवा. पावसाची शक्यता असेल तर हा टप्पा सोडून सरळ छपराखाली न्या.

३. पात वाळली की मानेला हलका पीळ देऊन ३ ते ४ सें.मी. मान ठेवून कापा. गड्ड्याला लागून कापलेली मान उघडी जखम असते. मुळ्याही कापून घ्या, पण बुडाला पातं लागू देऊ नका.

४. आता सावलीत, वारा खेळेल अशा जागी १० ते १५ दिवस पातळ थरात ठेवा. मान दोन बोटांत दाबल्यावर आत काहीही घसरत नाही, वरचा पापुद्रा कुरकुरतो आणि हातात घेतल्यावर सळसळ होते, तेव्हा तो सुकला. मान दाबल्यावर ओलसर, निसरडी लागली तर अजून थांबायला हवं.

५. निवड करताना चार ढीग करा: साठवणीचा, लगेच वापरायचा (जाड मान, जोडकांदा, डेंगळा आलेला), दुखावलेला, आणि फेकायचा. डेंगळ्याच्या कांद्यात मधून कडक दांडा गेलेला असतो, तो साठवणीत सगळ्यात आधी सडतो.

साठवणीत जमिनीपासून अर्धा मीटर तरी वर, खालून आणि बाजूंनी हवा जाईल अशा फळ्यांवर किंवा जाळीवर ठेवा. ढिगाची उंची मीटर-सव्वा मीटरच्या वर नको. तापमानाबाबत कांदा विचित्र आहे. ० ते २ अंश सेल्सिअसला तो झोपलेला राहतो, २५ ते ३० अंशांलाही बऱ्यापैकी शांत राहतो, पण मधल्या १० ते २० अंशांत त्याला कोंब फुटण्याची घाई होते. म्हणून उबदार प्रदेशात हवेशीर, उबदार जागेतला कांदा अर्धवट गार खोलीतल्यापेक्षा जास्त टिकतो. आर्द्रता ६५ ते ७० टक्के ठीक. त्याहून दमट झाली की काळी बुरशी आणि मुळं, फार कोरडी झाली की वजन घटतं आणि सालं गळतात.

लसूण

लसणाला वाट पाहण्याची सवय परवडत नाही. खालची तिसरा हिस्सा ते निम्मी पानं वाळली आणि वर पाच-सहा हिरवी उरली की काढा. प्रत्येक हिरवं पान म्हणजे गड्ड्यावरचा एक शाबूत पापुद्रा. सगळी पानं वाळेपर्यंत थांबलात तर पापुद्रे मातीतच कुजतात आणि पाकळ्या उघड्या पडून सुटतात. असा लसूण महिनाभरात वाळून पोकळ होतो. खात्री नसेल तर दोन गड्डे उपटून आडवे कापा. पाकळ्यांनी आपापली जागा पूर्ण भरलेली दिसली पाहिजे.

उपटल्यावर माती हाताने झटका, धुऊ नका. पातीसकट १०-१५ गड्ड्यांच्या सैल जुड्या बांधून सावलीत दोन ते चार आठवडे टांगा. बियाण्यासाठी सर्वांत मोठे गड्डे आत्ताच वेगळे बांधून ठेवा. स्वयंपाकघरात मोठा लसूण आधी संपतो, आणि लावणीला बारीक पाकळ्या उरल्या की पुढच्या वर्षीचे गड्डेही बारीकच येतात. लसूण फ्रिजमध्ये ठेवू नये: ५ ते १० अंशांचा गारवा त्याला कोंब काढायला सांगतो.

बटाटा

कांद्याची रीत बटाट्याला लावली की तो हिरवा पडतो, सुरकुततो किंवा सडतो. बटाट्याची साल काढणीच्या वेळी पक्की असायला हवी, आणि त्यासाठी काढणीच्या १० ते १५ दिवस आधी पाला जमिनीलगत कापून शेताबाहेर न्यायचा. या काळात बटाटे मातीतच असतात आणि साल घट्ट होते. अंगठ्याने जोरात घासून पाहा. साल सरकली तर आणखी पाच दिवस थांबा.

काढताना जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण हाताला न चिकटणारी, असावी. चिखलातला बटाटा मातीचा लेप घेऊन येतो आणि त्या लेपाखाली त्याला श्वास घेता येत नाही. वरंब्याच्या बाजूने कुदळ किंवा काटा घाला, मधोमध नाही. काढलेले बटाटे तासा-दोन तासांत पृष्ठभाग कोरडा होईपर्यंतच शेतात राहू द्या. रात्रभर उघडे ठेवू नका आणि कापलेल्या पाल्याने झाकू तर मुळीच नका. बटाट्यावरचा पाकोळी पतंग संध्याकाळी उघड्या बटाट्यांच्या डोळ्यांपाशी अंडी घालतो, आणि पाल्यातल्या अळ्या पाला सुकला की खालच्या बटाट्यात उतरतात. साठवणीत भोवती काळी विष्ठा साचलेले डोळे दिसले तर कारण हेच.

आता जखमा भरून यायला हव्यात. ओरखडे, सोललेली साल, कुदळीच्या टोकाची खूण यावर बटाटा स्वतः नवी साल धरतो, पण त्यासाठी त्याला १२ ते १८ अंश तापमान, ८५ ते ९५ टक्के आर्द्रता, अंधार आणि १० ते १४ दिवस लागतात. उष्ण ठिकाणी हे जमवायचा साधा उपाय: सावलीत मीटरभर उंचीचा लांबट ढीग, त्यावर कोरडं गवत किंवा पेंढ्याचा जाड थर. ढिगाला वर प्लास्टिक घालू नका. बटाटा श्वासातून पाणी आणि उष्णता सोडतो, प्लास्टिकखाली त्याला घाम फुटतो आणि ओल्या बटाट्यावर जिवाणूंची सड दोन दिवसांत पसरते. दुर्गंधी आली की ढीग मोडून निवडाच.

नंतरची साठवण ४ ते ७ अंशांत, अंधारात. ४ अंशांखाली बटाट्यातल्या पिष्टाची (स्टार्चची) साखर होऊ लागते: बटाटा गोडसर लागतो आणि तळला की काळपट होतो. उजेडात हिरवा पडलेला बटाटा धुऊन, शिजवून सुधारत नाही, कारण त्यातलं सोलॅनिन हे विष उष्णतेने जात नाही. हिरवा भाग खोलवर कापून टाका, आणि बटाटा पूर्ण हिरवा किंवा कडवट असेल तर सगळाच टाका.

कांदा आणि बटाटा शेजारी ठेवू नयेत. बटाट्याची ओल कांद्याला नासवते. पिकलेली केळी किंवा सफरचंदं कुणाच्याच जवळ नकोत, त्यांतून सुटणारा इथिलीन वायू पालेभाजी पिवळी पाडतो.

रताळं आणि भोपळा

रताळ्याची साल अगदी पातळ असते, त्यामुळे काढताना जखम होणारच हे धरून चाला. काढल्याबरोबर, न धुता, २९ ते ३२ अंश तापमान आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रतेत चार ते सात दिवस ठेवा. बंद खोलीत पाण्याची भांडी किंवा ओलं गोणपाट टांगून एवढा दमटपणा येतो. मग १३ ते १६ अंशांत साठवा. १२ अंशांखाली त्याचा गाभा कडक होतो आणि तो शिजवूनही मऊ पडत नाही, म्हणून रताळ्याला फ्रिज नकोच. काढल्यावर तीन-चार आठवड्यांनी ते जास्त गोड लागतं.

लाल भोपळ्याचं पक्वपण देठावरून ओळखा. देठ हिरवा, रसाळ असेल तर कच्चा. तो वाळून बुचासारखा, चिरा पडलेला दिसला आणि सालीत नख शिरत नसलं की काढा. ५ ते ८ सें.मी. देठ ठेवून कापा आणि देठाला धरून उचलू नका. देठ सुटलेला भोपळा त्या खळग्यातून सडतो. २५ ते २९ अंशांच्या कोरड्या, हवेशीर जागेत दहा दिवस, मग १० ते १५ अंशांत, एकमेकांना न टेकता, एकाच थरात. खाली लाकूड किंवा पेंढा. थंड फरशीवर ठेवला तर टेकलेल्या बाजूला ओल धरते. दर आठवड्याला थोडा फिरवत राहिलं की ते आधीच दिसतं.

धान्य आणि कडधान्य

शेंगा तडकणाऱ्या कडधान्याची काढणी पहाटे, दव असताना करा. दुपारी हात लावला की दाणे मातीत. ७५ ते ८० टक्के शेंगांचा रंग बदलला की रोप कापा, उरलेल्या खळ्यावर वाळतील. मळणीत दाणा फुटला की तो बियाण्याला बाद आणि किडीला मोकळा दरवाजा, म्हणून अर्धवट ओल्या आणि फार करकरीत वाळलेल्या, दोन्ही प्रकारच्या शेंगांची मळणी जोराने करू नका.

वाळवताना ताडपत्रीवर पातळ थर, दर अर्ध्या-एक तासाने दंताळं फिरवणं. थेट मातीवर पसरलं की रात्री खालून ओल येते. तापलेलं धान्य लगेच पोत्यात भरू नका. ते गार होऊ द्या, पण दव पडायच्या आत झाका. साठवणीयोग्य ओलावा गव्हात १२ टक्के, भातात १३ ते १४, मक्यात १३, कडधान्यात १० च्या आसपास आणि भुईमुगाच्या शेंगांत ८ टक्के असतो.

ओलावा मोजायचं मीटर नसेल तर मिठाची चाचणी करा. पाऊण लिटरची पूर्ण कोरडी काचेची बरणी तिसरा हिस्सा धान्याने भरा. त्यात ओव्हनमध्ये किंवा तव्यावर कोरडं केलेलं दोन-तीन चमचे मीठ टाका. झाकण लावून मिनिटभर हलवा आणि १५ मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांहून जास्त आहे. चिकटलं नाही म्हणजे दीर्घ साठवणीची परवानगी मिळाली असं नाही, फक्त धान्य धोक्याच्या रेघेखाली आलं. दाणा दातांखाली टचकन तुटायला हवा, चेपता कामा नये.

वजन घटलं म्हणून हळहळू नका. २० टक्के ओलाव्याचं १०० किलो धान्य १२ टक्क्यांवर आणलं की ९१ किलो उरतं (८० भागिले ०.८८). गेले ते ९ किलो पाणीच होतं.

मका आणि भुईमूग यांबाबत एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. ओलसर राहिलेल्या या पिकांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते. ते विष भाजून, शिजवून नष्ट होत नाही. हिरवट-पिवळी बुरशी धरलेले, काळवंडलेले, सुरकुतलेले दाणे निवडून टाका. कोंबड्या-गुरांनाही घालू नका.

कडधान्यातला भुंगेरा बहुतेकदा शेतातूनच अंड्याच्या रूपात येतो. म्हणून डबा कितीही स्वच्छ असला तरी महिन्याने भोकं दिसतात. खाण्याच्या मालासाठी तीन उपाय खात्रीचे:

- काळ्या कागदावर २-३ सें.मी. थर, वर पारदर्शक प्लास्टिक, कडा दाबून कडक उन्हात ठेवणं. आतलं तापमान ५७ अंशांवर तासभर राहिलं तर अंडी, अळ्या, भुंगेरे सगळे मरतात. बियाण्याला ही जोखीम नको.
- उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर. बाहेर काढल्यावर पिशवी बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दाण्यांवर पाणी जमतं.
- किलोमागे ५ मिली खाद्यतेल नीट चोळणं. अंडी आणि नुकत्या निघालेल्या अळ्या तेलाच्या थराखाली गुदमरतात.

हवाबंद डबा गळ्यापर्यंत भरा. मोकळी जागा जितकी कमी तितका आतला प्राणवायू लवकर संपतो आणि कीड मरते. ओलं धान्य मात्र हवाबंद करू नका, ते आंबतं.

रोजची तोड आणि दिवसाची आखणी

मोठ्या काढणीच्या दिवसांत रोजची भाजी विसरली जाते. भेंडी एक दिवसाआड, घेवडा दोन-तीन दिवसांनी, काकडी एक-दोन दिवसांनी तोडलीच पाहिजे. वेलावर एक फळ पिकू दिलं तर वेल आपलं काम झालं असं धरतो आणि नवी फुलं कमी येतात. टोमॅटो रंग बदलू लागल्यावर तोडून घरात पिकवला तरी चालतो, चव फारशी जात नाही. १० अंशांखाली ठेवला तर जाते. कलिंगड मात्र तोडल्यावर गोड होत नाही: फळाजवळचा ताणा वाळलेला आणि जमिनीला टेकलेला डाग पिवळा हवा.

दिवस असा आखला तर माणसं दमत नाहीत आणि मालही गरम होत नाही. दव असताना तडकणाऱ्या शेंगा आणि पालेभाजी. दव सुकल्यावर फळभाजी, कारण ओल्या वेलांतून हात फिरवला की रोग पसरतात. ऊन चढेपर्यंत कांदा, बटाटा, लसूण यांची काढणी. दुपारी सावलीत निवड आणि प्रतवारी, दर तासाला धान्याला दंताळं. संध्याकाळी गार झालेलं धान्य झाकणं, बटाटे आत नेणं, आणि वहीत तीन नोंदी: काय, किती किलो, कुठल्या वाफ्यातलं. तोडलेली भाजी तासभर उन्हात राहिली तर पुढे कितीही गारवा दिला तरी ती ताजी राहत नाही, तेव्हा टोपली सावलीतच हवी.

साठवणीची फेरी आठवड्याला एकदा, नाक पुढे करून. सडका कांदा दिसण्याआधी वासावरून कळतो. एक नासका सापडला तर त्याला टेकलेलेही काढून आधी वापरा.

बियाणं

चांगली रोपं पिकात उभी असतानाच रंगीत दोऱ्याने खुणवून ठेवा, काढणीच्या ढिगातून बियाणं निवडलं की रोपाचा निरोगीपणा, लवकर येणं, यांतलं काहीच हाती लागत नाही. संकरित जातीचं बी पुढच्या वर्षी तसंच उगवत नाही. भोपळावर्गीय पिकांत एकाच प्रजातीच्या दोन जाती जवळ असतील तर मधमाशा त्यांचा संकर करून ठेवतात, म्हणून बियाण्याचं फूल आदल्या संध्याकाळी बांधून सकाळी हाताने परागण करा.

टोमॅटोचं बी गरासकट दोन-तीन दिवस आंबवा, वर आलेलं पोकळ बी आणि साय ओतून द्या, मग धुऊन कागदावर नाही, थाळीत किंवा जाळीवर वाळवा. कागदाला ते चिकटतं. बियाणं वाळवताना तापमान ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. साधारण नियम असा की बियाण्यातला ओलावा एका टक्क्याने कमी झाला की आयुष्य दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरलं तरीही जवळपास दुप्पट. ओलावा ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असेपर्यंत हा नियम लागू पडतो.

पेरणीच्या तीन आठवडे आधी ५० बिया ओल्या कापडात गुंडाळून उबदार जागी ठेवा आणि कापड सुकू देऊ नका. सात-आठ दिवसांनी मोजा. ४० उगवल्या तर उगवण ८० टक्के, म्हणजे नेहमीपेक्षा पाव हिस्सा बी जास्त पेरायचं. ३० च्या खाली आकडा गेला तर ते बियाणं सोडून दुसरं मिळवायला अजून हातात दिवस असतात.